कारणाचा रकाना

माझ्या व्याह्यांना मी नीट ओळखत होतो असं म्हणवत नाही. तेरा वर्षांची सोयरीक, पण एवढ्या काळात आमची भेट फार तर पन्नास-साठ वेळा झाली असेल, आणि त्यातल्या निम्म्या भेटींत मी उकाडा वाढलाय की कमी झालाय यापलीकडे काही बोललो नसेन. त्यांचं बालपण कुठे गेलं, बायको गेल्यावर इतकी वर्षं एकट्याने घर कसं चालवलं, घड्याळं दुरुस्त करायला कोणाच्या हाताखाली शिकले, यातलं मी काहीच विचारलं नाही. विचारायचं मनात यायचं, पण तोवर चहा संपायचा. सून म्हणाली, "बाबा, त्या तीन दिवसांत तुम्हीच सतत त्यांच्याबरोबर होतात. तुम्ही लिहा." म्हणून बसलो आहे. माझी उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. अक्षर चांगलं आहे, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध.

व्याही म्हणजे सुनेचे वडील. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एक माणूस, एक स्टूल आणि एक काचेचं कपाट, एवढं आत गेलं की हवेला जागा उरत नसे. दिवसभरात बहुतेक गिऱ्हाइकं सेल बदलायला किंवा पट्टा बसवायला येत. कोणी किल्लीचं जुनं घड्याळ आणलं की मात्र व्याही स्टुलावर ताठ बसत, डोळ्याला भिंग लावत आणि समोरचा माणूस उभा आहे हे विसरून जात. पाठीमागे एक फळी होती, तिच्यावर खिळे. दुरुस्त झालेलं घड्याळ तीन दिवस त्या खिळ्यावर टांगलेलं राही. चालवून बघितल्याशिवाय ते घड्याळ हातात देत नसत, मग समोर कोणीही असो.

मी एकदा तिथे गेलो होतो तेव्हा एक बाई हुज्जत घालत होत्या.

"अहो, चालतंय ना? मग द्या की."

"आत्ता चालतंय. परवाचं मला काय माहीत?"

"मला उद्या गावाला जायचंय."

"मग गाडीची वेळ उद्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा," व्याही म्हणाले आणि पुन्हा भिंग लावलं. बाई रागावून गेल्या. चार दिवसांनी येऊन घड्याळ घेऊन गेल्या, असं नंतर कळलं.

माझ्या मुलाने मागच्या सुट्टीत सहल ठरवली. तीन दिवस, एका मोठ्या थीम पार्कला, मुक्काम तिथल्याच हॉटेलात. मुलगा, सून, अकरा वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोन आजोबा. माझ्या बायकोने पाळण्यांची नुसती चित्रं बघितली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी तीन दिवस घरात एकटी, यापेक्षा मोठी सहल मला नको."

नातीला घरात सगळे मोठी म्हणतात आणि नातवाला धाकटा. त्यांना बाहेर न्यायचं म्हणजे काय याचा अनुभव आधीच्या जत्रेत घेऊन झाला होता. दर पाच पावलांवर एक दुकान आणि दर दुकानापुढे एक रडारड. शेवटी मुलाने धाकट्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं होतं, तेही उलटं. तेव्हा या वेळी दोघांना खर्चायला ठरावीक पैसे द्यायचे आणि ते संपले की विषय संपला, एवढ्यावर नवराबायकोचं एकमत होतं. किती द्यायचे यावर नव्हतं.

"पन्नासच्या वीस नोटा," मुलगा म्हणाला. "वर्षातून एकदा जातोय."

"पाच," सून म्हणाली.

"पाचात टोपीसुद्धा येणार नाही."

"घरात चार टोप्या आहेत."

रविवार होता. व्याही जेवायला आलेले होते आणि कोपऱ्यात बसून आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नापसंतीने बघत होते. ते म्हणाले, "हा आकडा ठरवायचं काम मला द्या."

सून हसली, पण ते हसू पूर्ण नव्हतं. "तुम्ही ठरवणार, अप्पा? मुलांचे पैसे?"

"का?"

"काही नाही. ठरवा की."

संध्याकाळी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला मी गेलो. बसला उशीर होता. मी उकाड्याचा विषय काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते आपणहून बोलायला लागले. तेरा वर्षांत ते माझ्याशी इतकं लांबलचक कधी बोलले नव्हते, म्हणून मला ते बहुतेक शब्दाला शब्द आठवतं.

"ही आठ वर्षांची असताना शाळेची सहल होती," ते म्हणाले. "मी हिला पैसे दिले, आणि एक छोटी वही. वहीत मी रकाने आखले होते. तारीख, वस्तू, किंमत, कारण. म्हटलं, जे घेशील ते लिहायचं. परत आली तर सगळी नाणी तशीच. वहीत नुसती तारीख. व्याहीबुवा, मला इतका अभिमान वाटला. महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होतो, माझी मुलगी बघा."

"चांगलंच की," मी म्हणालो.

"तेच मलाही वाटत होतं. मोठीच्या वेळेला ही बाळंतपणाला माझ्याकडे होती. एके दिवशी सहज बोलता बोलता म्हणाली, अप्पा, त्या सहलीला मला सरबत हवं होतं. फार ऊन होतं. पण कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना. तहान लागली, हे कारण तुम्हाला चालेल की नाही, मला ठरवता येईना. म्हणून नाही घेतलं."

बस आली होती, पण ते चढले नाहीत. कंडक्टरने दोनदा बघितलं आणि घंटी दिली.

"ती हसत सांगत होती बरं का," ते म्हणाले. "रागाने नाही. रागाने बोलली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं."

मी म्हणालो, "पुढची बस वीस मिनिटांनी आहे."

"असू दे. आता दोन पोरं आहेत. त्यांनी एकदा तरी कारण न देता खर्च करावा, आणि तो मी बघावा, आणि माझ्या तोंडून कशाला घेतलंस हे निघू नये. तीन दिवस तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम आहे. हिला वाटत नाही मला जमेल. आणि खरं सांगू, मलाही वाटत नाही."

पुढचा आठवडाभर त्यांनी पार्कच्या चौकशीच्या नंबरवर तीनदा फोन केला. तिसऱ्या फोनच्या वेळी मी दुकानात होतो. पलीकडची मुलगी त्यांना तिकिटं विकायला बघत होती.

"तिकिटं झाली आहेत, बाळ. मला टोपीचा भाव सांग. ती कान असलेली मिळते ना, ती. आणि तलवार. हो, लाईट लागणारी. आणि आइस्क्रीम साध्या कोनातलं किती, मोठ्या कोनातलं किती? नाही, मी दुकान टाकणार नाहीये तिथे."

सगळे भाव लिहून झाल्यावर त्यांनी आकडा काढला. माणशी पन्नासच्या बारा नोटा, तीन दिवसांसाठी, पहिल्या दिवशी सकाळी एकदम हातात. "याहून कमी दिले तर पोरं नोट मोडायला घाबरतील," ते मला म्हणाले, "आणि जास्त दिले तर निवडावंच लागणार नाही." आणि अट एकच. कशाला घेतलं, असं कोणी विचारायचं नाही. तिथे नाही, घरी आल्यावरही नाही.

"आणि तुम्ही?" सुनेने विचारलं.

"मीही."

"अप्पा, पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आत विचाराल तुम्ही."

"बघशील तू."

"लावा पैज."

"पैज नको. नुसतं बघ."

इथवर सगळं सरळ होतं. पण व्याह्यांना कुठलीही गोष्ट तीन दिवस खिळ्यावर टांगल्याशिवाय चैन पडत नसे. पैसे तसेच मुलांच्या हातात द्यायचे, तेही परक्या जागी, हे त्यांना पटेना. म्हणून निघायच्या आधीचे तीन दिवस ते दुपारी दुकान बंद करून आमच्याकडे आले आणि आमच्या दिवाणखान्यात पार्क उघडलं.

जेवणाचं टेबल म्हणजे दुकान. दुकानात माल काय, तर माझी बॅटरी, सुनेचा एक रेशमी रुमाल, बिस्किटांचा डबा, मोजपट्टी, एक नवा टूथब्रश, माझी काळी छत्री. प्रत्येक वस्तूपुढे किमतीची पाटी. पाट्या मी लिहिल्या. चाळीस वर्षं नकाशांवर नद्यांची आणि टाक्यांची नावं लिहिली होती, त्यामुळे पाट्या देखण्या झाल्या, हे सांगायला हरकत नाही. दुकानदारही मलाच केलं. भाव व्याह्यांच्या यादीतले, आणि दोघा पोरांच्या हातात एकेक पिशवी, तिच्यात बारा नोटा.

"एका बिस्किटाला एक नोट?" मोठी म्हणाली. "आजोबा, ही लूट आहे."

"तिथेही अशीच असते," व्याही म्हणाले. "म्हणून तर सराव."

"पण हे आमचंच बिस्कीट आहे."

"डबा दुकानात आला की दुकानाचा."

दुकानदार म्हणून मी अगदीच कुचकामी ठरलो. मला भाव मोठ्याने सांगता येईना. धाकट्याने नुसतं वर बघितलं तरी मी किंमत उतरवायचो. व्याही सोफ्यावरून लक्ष ठेवून असायचे. "व्याहीबुवा, अशाने तुम्ही दुकान बुडवणार. भावाला चिकटून राहा." मी चिकटून राहायचा प्रयत्न केला.

मोठी शहाणी. पहिल्या दिवशी तिने चार फेऱ्या मारल्या, पाट्या वाचल्या, आणि एक बिस्कीट घेतलं. धाकट्याची तऱ्हा वेगळी. दुकान उघडलं की तो सरळ यायचा, पिशवीतल्या सगळ्या नोटा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "छत्री." मग दुपारभर छत्री उघडून घरभर हिंडायचा, छत्रीखाली दूध प्यायचा. संध्याकाळी दुकान बंद व्हायचं. वस्तू परत टेबलावर, नोटा परत पिशव्यांत. खाल्लेलं परत येत नाही, म्हणून मोठीच्या पिशवीतून बिस्किटाची एक नोट व्याह्यांनी कापली, तीही नियमाप्रमाणे, गंभीर चेहऱ्याने.

तिन्ही दिवस धाकट्याने तेच केलं. आल्याबरोबर सगळ्या नोटा, आणि छत्री. आम्ही हसलो. मुलगा म्हणाला, "बरंय, याला दुसरं काही नको, घरची छत्रीच नेऊ." व्याही तिसऱ्या दिवशी समाधानाने म्हणाले, "चालतंय." आणि आम्ही निघालो.

पार्कमध्ये पहिल्या सकाळी फाटकाच्या आत, एका झाडाखाली, व्याह्यांनी दोघांच्या गळ्यात कापडी पिशव्या घातल्या. पट्ट्यांना लागणाऱ्या कापडाच्याच त्या शिवून घेतल्या होत्या, बक्कलसुद्धा घड्याळाच्या पट्ट्याचं होतं. प्रत्येकीत बारा नोटा. मोठीने नोटा मोजल्या. धाकट्याने मोजल्या नाहीत. त्याने माझं बोट धरलं आणि म्हणाला, "चला, आजोबा."

सगळे आकाशपाळण्याच्या रांगेत गेले. मी आणि धाकटा पहिल्या दुकानात. पहिल्या दुकानाचं दार दुसऱ्या दुकानात उघडत होतं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. वीस मिनिटांत आम्ही तिसऱ्यातून बाहेर आलो तेव्हा त्याच्याकडे एक लाईटची तलवार, कान असलेली एक टोपी, एक पिपाणी आणि पाणी ओतलं की रंग बदलणारा एक पेला होता. उजव्या हातात साखरेचा कापूस. पिशवी रिकामी. पोरगं इतकं निवांत होतं की मला वाटलं, कदाचित हेच बरोबर असेल. माझ्या जिभेवर दहा वेळा आलं, अरे, अजून तीन दिवस आहेत. पण नियम होता, आणि मला तर नियम नसतानाही बोलता येत नाही.

आकाशपाळण्यावरून सगळे उतरले. मोठीने धाकट्याची पिशवी उलटी करून बघितली. "सगळे संपवलेस? अरे, पण कशाला..."

"मोठी," व्याही म्हणाले. "विचारायचं नाही."

मग त्यांनी धाकट्याकडे बघितलं. तलवार बघितली, टोपी बघितली, पिपाणी बघितली. त्यांचे ओठ हलले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. सून दोन पावलांवर उभी होती आणि त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"छान," व्याही म्हणाले. "तलवार छान आहे."

दिवसभर त्यांनी ते निभावलं. दुपारी जेवताना पिपाणी वाजत राहिली, तेव्हाही ते पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं, एकदा ते स्वतःशीच पुटपुटले, "पेला, राजा, पेला कशाला." ते इतकं हळू होतं की विचारलं असं धरता येणार नाही. मी धरलं नाही.

संध्याकाळी सात वाजता हॉटेलात आलो. आम्हा दोघा आजोबांची एक खोली, मुलांची शेजारची, मधे दार. व्याही खुर्चीत बसून बूट काढत होते. धाकटा आत आला. त्याने माझ्या पलंगावर तलवार ठेवली, तिच्या शेजारी टोपी, मग पिपाणी, मग पेला. सगळं ओळीने, आमच्या टेबलावर मांडलेलं असायचं तसं. आणि रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली.

"दुकान बंद झालं ना, आजोबा," तो म्हणाला. "घ्या. कापूस मी खाल्ला. त्याची एक नोट कापा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग व्याह्यांकडे बघितलं. त्यांच्या एका हातात बूट होता, तो तसाच राहिला.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. "अकरा नोटा आहेत माझ्याकडे," मी हळूच म्हणालो. "देऊन टाकतो. कोणाला कळणार नाही."

"नको," व्याही म्हणाले. "हिला कळायला हवं." त्यांनी बूट खाली ठेवला, धाकट्याला म्हणाले, "तू इथे बस, राजा. दुकानदार कुठे जात नाही," आणि पायमोज्यांवरच मधल्या दारातून पलीकडे गेले. दार उघडंच होतं. मला ऐकायचं नव्हतं असं म्हणेन, पण मी कान टवकारूनच बसलो होतो.

"एक चूक झाली," ते म्हणाले.

"कोणाची?" सुनेचा आवाज.

"माझी. तीन दिवस मी रोज संध्याकाळी काटे परत बारावर आणून ठेवत होतो. त्याला वाटलं, इथेही तसंच असतं. वस्तू परत करायला आलाय. पैसे मागतोय."

माझा मुलगा मोठ्याने हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मी देतो ना दुसऱ्या बारा. सोडा की, अप्पा."

"नाही," बापलेक एकदम म्हणाले.

मग सुनेने विचारलं, "किती उरलेत त्याच्याकडे?"

"पिशवी रिकामी दिसली."

"कितीला काय घेतलं?"

"विचारलं नाही."

"तलवार, टोपी दिसली मला. आणखी काय काय?"

"पलंगावर मांडलंय. मी मोजलं नाही."

"आणि पेला कशाला हवा होता त्याला?"

"तेही नाही विचारलं," व्याही म्हणाले. "त्या पेल्याने मात्र माझा जीव घेतला आज."

"सकाळपासून एकदाही नाही?"

"तू बघतच होतीस."

"बघत होते," सून म्हणाली. पुढे ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग तिचं हसू. आधी बारीक आणि मग दम लागेपर्यंत. मुलाने विचारलं, "आता तुला काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. पाणी दे."

मग ती आमच्या खोलीत आली. मागून व्याही आणि माझा मुलगा. तिने पलंगावरची दुकानदारी बघितली, धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "बाबा, शिकवणी चुकीची होती, तेव्हा आजचा दिवस सरावातच धरायचा. पण नुकसान दुकानाने सोसायचं. दुकान तुमचं ना?"

"माझं," मी म्हणालो. इतक्या ठणठणीत आवाजात की माझं मलाच नवल वाटलं.

"निम्मं माझं," व्याही म्हणाले. "भागीदारी आहे."

दारात मोठी येऊन उभी होती. "म्हणजे याला सगळे परत? मग मीही परत करू शकते?"

"तुला काय परत करायचंय?" तिच्या आईने विचारलं.

मोठीने विचार केला. "काही नाही. पण विचारून ठेवलं."

"आजच्यापुरतं. उद्यापासून हे दुकान कायमचं बंद, आणि गेलेली नोट गेली. कळलं का रे?"

धाकट्याला कळायला थोडा वेळ लागला. व्याही त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी त्याला ते दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं. मग धाकटा पलंगाकडे वळला. आता वस्तू ठेवायची की नोटा घ्यायच्या हे खरंखुरं ठरवायचं होतं, आणि त्याचा निवांतपणा गेला. त्याने तलवार उचलली, ठेवली. टोपी घातली, काढली. सात-आठ मिनिटं तरी आम्ही चार मोठी माणसं त्या पलंगाभोवती उभी होतो आणि कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी त्याने पिपाणी घेतली आणि बाकी सगळं माझ्याकडे सरकवलं. घरातल्या सगळ्यांना जी वस्तू परत जावी असं मनापासून वाटत होतं, नेमकी तीच.

पिपाणीच्या दोन, कापसाची एक. नऊ नोटा आम्ही दोघा भागीदारांनी पदरच्या मोजून दिल्या. व्याह्यांच्या वाट्याला टोपी आणि पेला आले, माझ्या वाट्याला तलवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कान असलेली टोपी घालून न्याहारीला आले. "ऊन आहे," ते म्हणाले. दोन दिवस त्यांनी ती काढली नाही. फाटकावरचा रखवालदार त्यांना सलाम करायला लागला, तर ते टोपीचा एक कान उचलून त्याला उत्तर द्यायचे. मी तलवार काखेत धरून त्यांच्या मागे. सुनेने आमचा फोटो काढला आहे, तो कोणाला दाखवू नये अशी माझी विनंती आहे.

त्या दुपारी धाकटा एका दुकानापुढे जाऊन उभा राहिला. पुढे पाळणे फिरत होते, त्याची ताई हाका मारत होती, पण तो हलला नाही. काचेमागे एक लहान लाकडी आगगाडी होती. त्याने पिशवी उघडली, नोटा बोटांनी चाळल्या, बंद केली. पुन्हा उघडली. व्याही त्याच्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले. अर्धा तास, कदाचित जास्तच. दोघांच्या सावल्या फरशीवर पडल्या होत्या आणि मोठ्या सावलीला कान होते. मग धाकट्याने पिशवी बंद केली आणि "चला" म्हणून पाळण्याकडे पळत सुटला. व्याही माझ्याजवळ आले. म्हणाले, "पाय भरून आले. पण असं काम मी दुकानात कधी बघितलं नाही."

तिसऱ्या दिवशी दोन्ही मुलांनी काय काय घेतलं ते मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी सामान गाडीत भरताना सून वडिलांच्या बाजूला येऊन उभी राहिली. "जमलं की हो, अप्पा," एवढंच म्हणाली. त्यांनी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. तिने ती घरापर्यंत तशीच ठेवली, गाडीत झोप लागली तरी.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी व्याही गेले. दुकान बंद करून घरी आले, जेवले, सकाळी उठले नाहीत. त्रास काही झाला नाही, डॉक्टर म्हणाले.

गेले त्याच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला होता. मी आधी उकाड्याचं बोललो. मग ते म्हणाले, "व्याहीबुवा, काल हिने फोन केला होता. म्हणाली, अप्पा, आज मी पिवळ्या चपला घेतल्या. चपला होत्या, तरी घेतल्या. आपणहून सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पिवळा रंग छान. बरं, फोन कशासाठी केला तर, तुमच्याकडे त्या प्लंबरचा नंबर आहे का? दुकानाच्या मागचा नळ रात्रंदिवस टपकतोय."

"आहे. पाठवतो."

"पाठवू नका, सांगा. मी लिहून घेतो."

मी नंबर सांगितला. त्यांनी तो परत म्हणून दाखवला.

"शेवटी सात की नऊ?"

"नऊ."

"नऊ. बरं. ठेवतो मग, गिऱ्हाईक आलंय."

"ठेवा," मी म्हणालो.